एकदा दुसऱ्याला दाखवू

"उतर," आत्या म्हणाल्या.

जीप अजून तालुक्याच्या गावात शिरतच होती. माझं ऑपरेशन ज्या दवाखान्यात ठरलं होतं तो पार पलीकडच्या टोकाला, मार्केट यार्डापाशी. मला वाटलं, आत्यांचा काहीतरी घोटाळा झाला.

"आत्या, दवाखाना म्होरं हाय."

"मला ठावं हाय कुठं हाय ते. उतर म्हनते ना."

बोचकं काखेत मारून मी उतरले. आदल्या दिवशीच्या जेवणानंतर पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. डॉक्टरनं तशी ताकीदच दिली होती. ऊन चढलेलं, आणि ओटीपोटात ती रोजची कळ. आत्या तरातरा चालत एका चहाच्या गाड्यापाशी गेल्या. दोन चहा सांगितले आणि एक पेला माझ्यापुढं धरला.

"पी."

"आत्या, ऑपरेशन हाय ना. काय खायाचं-प्यायाचं न्हाई म्हनलेत."

"म्हनूनच पी. चहा पोटात गेला की आज काय होत न्हाई."

मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, केसरबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. अंगानं काटक, बोलायला फटकळ, आणि हसू तर वर्षाकाठी एखादवेळी. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना भ्यायचे. त्या दिवशीही भीतभीतच तो चहा प्याले. गरम होता, जीभ पोळली.

"एकदा दुसऱ्याला दाखवू," आत्या म्हणाल्या. "एकदाच. त्यानं बी काढा म्हनलं तर काढू."

त्या वेळी मी तेवीस वर्षांची होते. पदरात तीन वर्षांची लेक. आम्ही बीडकडची, डोंगराच्या कुशीतली माणसं. दिवाळीच्या सुमाराला गाव रिकामं व्हायचं आणि सगळी कारखान्याकडं ऊस तोडायला जायची, उसाच्या फडाशेजारी कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालून राहायची. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. एक आजारी पडला की दुसऱ्याचंही काम बुडतं. मागच्या वर्षापासून माझ्या अंगावरून पांढरं जात होतं. आधी थोडं, मग फार, मग त्याला वास यायला लागला. ओटीपोट दुखायचं, कंबर धरायची, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं तरी अंगावर काटा यायचा. फडात उसाची मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी. हे सांगायचं कुणाला? सांगितलं तरी बायका एवढंच म्हणायच्या, "अगं, समद्यांनाच असतंय."

शेवटी एकदा फडातच चक्कर येऊन पडले. तेव्हा मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, परमेश्वरनं, गावी परतल्यावर मला त्या मार्केट यार्डाजवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली, कागदाकडं बघितलं आणि मालकांना म्हणाला, "पिशवीला सूज आहे. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल. एक मूल झालंय ना? काढून टाका." माझ्याशी तो बोललाच नाही. कॅन्सरचं नाव ऐकलं आणि मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आमच्या टोळीचा मुकादमही म्हणाला, टोळी निघायच्या आत उरकून घ्या, म्हणजे हंगामात कटकट नको.

आणि गर्भपिशवी काढणं आमच्याकडं काही नवलाचं नव्हतं. नळावर पाण्याला उभ्या असलेल्या बायकांत कुणाची आहे आणि कुणाची काढलीय, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आत्यांचीही काढलेली होती. म्हणून मला वाटायचं, त्यांचा तर याला होकारच असणार. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून त्या घरात एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांचं ते गप्प बसणं मी होकारात धरलं होतं.

मालक त्या दिवशी पहाटेच मोटरसायकलवरून पुढं गेले होते, खाट मिळवायला. आणि आम्ही इकडं चहा पीत उभ्या.

"मालक वाट बघत असतील," मी म्हटलं.

"बघू दे."

"पर आत्या, त्या डाक्टरनं तपासलंय की."

"काय तपासलं? आतून बघितलं? हात लावला? का नुसतं मशीन फिरवलं?"

मी मान खाली घातली. आतून त्यानं बघितलं नव्हतं.

"सरकारी दवाखान्यात एक बाई डाक्टर आलीय. वरल्या आळीच्या सुंदराच्या पोरीचं बाळंतपण तिनं केलं. सुंदरा म्हनत व्हती, बाई नीट इचारती, नीट बघती. चल."

सरकारी दवाखान्यात ही गर्दी. आत्यांनी केसपेपर काढला, मला बाकावर टेकवलं आणि स्वतः भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. आमचा नंबर आला तेव्हा आत गेलो. बाई तरुण होत्या, तिशीच्या आतबाहेर. त्यांचं आडनाव काझी. सगळ्या त्यांना काझी मॅडम म्हणत. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काय होतंय, ताई?" आणि मी सवयीनं आत्यांकडं बघितलं.

मॅडमच्या ते लक्षात आलं. "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का? मी बोलावते तुम्हाला."

आत्या बाहेर गेल्या.

मग त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. कधीपासून जातंय, रंग कसा, वास कसा, खाज येते का, लघवीला जळजळतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, पाळी कधी आली होती. असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. आधी लाजेनं शब्द फुटेना. पण त्यांचा आवाज असा होता की जणू सर्दी-खोकल्याचंच विचारताहेत. मग मीही तसंच सांगू लागले. शेवटी त्यांनी विचारलं, "मिस्टरांना काही त्रास आहे? लघवीला जळजळ, पू?"

मला आठवलं. आदल्या हंगामात मालक ट्रॅक्टरवर होते आणि कोयता मी आत्यांबरोबर धरला होता. उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर जायचे आणि दोन-दोन दिवस तिकडंच असायचे. एकदा आले ते लघवीला जळतंय म्हणत. कुठल्याशा दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या आणि बरं वाटलं म्हणाले. मी ते सांगितलं. सांगता सांगताच माझ्या मनात कुठंतरी पाल चुकचुकली.

मॅडमनी पडद्यामागं नेऊन तपासलं. आधी सांगायच्या, आता हे करते, थोडं दुखेल, श्वास सोडा. काचेच्या पट्टीवर अंगावरून जाणाऱ्या पाण्याचा नमुना घेतला. लघवी तपासली, दिवस गेलेत का ते बघितलं. तुमची हरकत नसेल तर एचआयव्हीसाठी रक्तही तपासू, म्हणाल्या. जुनी सोनोग्राफी नीट वाचली आणि आपल्याकडच्या मशीनवर पुन्हा केली. रिपोर्ट यायला दुपार झाली. आम्ही पायरीवर बसून राहिलो. आत्यांनी बोचक्यातून भाकरी काढून मला खायला घातली.

पुन्हा आत बोलावलं, तेव्हा मॅडमनी मला एकटीलाच घेतलं.

"ताई, घाबरू नका. तुमची पिशवी चांगली आहे. तुम्हाला कॅन्सर नाही. पिशवीच्या तोंडाशी आणि आत जंतूंचा संसर्ग झालाय, त्यानं सूज आलीय. दोन आठवडे गोळ्या घेतल्या की बरं होतं हे. काढायचं काही नाही."

मला खरंच वाटेना. "गोळ्यांनी?"

"गोळ्यांनी. रक्तातही काही सापडलेलं नाही. पण एक गोष्ट नीट ऐका. हा आजार नवरा-बायकोच्या संबंधातून एकाचा दुसऱ्याला होतो. एकट्या तुम्ही औषध घेतलंत तर पुन्हा होणार. मिस्टरांनीही घ्यायलाच हवं."

माझे कान तापले. म्हणजे मनात आलं होतं ते खरं निघालं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरी भीती. हे घरी सांगितलं, तर बोट कुणाकडं दाखवतील? बाईकडंच. मी रडायलाच लागले.

"मॅडम, मला घरातून काढतील. मीच बाहेरून आनलं म्हनतील."

त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "कुणी आणलं हे शोधायला मी इथं बसलेले नाही, ताई. दोघं बरे व्हा, एवढंच माझं काम. सासूबाईंना तुमच्या परवानगीशिवाय मी एक अक्षर सांगणार नाही. तुम्ही म्हणाल तसं करू."

मी डोळे पुसले.  सकाळपासून आत्या माझ्याबरोबर उन्हात बसल्या होत्या. त्यांनी तो चहा पाजला नसता, तर एव्हाना मी टेबलावर असते.

"बोलवा त्यांना," मी म्हटलं. "समदं सांगा."

मॅडमनी सांगितलं, सगळं, सोप्या शब्दांत. आत्या ऐकत होत्या. पिशवी चांगली आहे, हे ऐकल्यावर त्यांनी टेबलाची कड धरली. नवऱ्यालाही औषध लागेल, हे ऐकल्यावर माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, आता मला बोलणी बसतायत. त्या म्हणाल्या एवढंच, "काय गोळ्या हायेत त्या द्या. त्याला मी आनते."

आणायला जावं लागलंच नाही. आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो तर मालक समोरून लालबुंद होऊन येत होते. आम्हाला शोधत त्यांनी निम्मं गाव पालथं घातलं होतं.

"तिथं डाक्टर माझ्यावर वरडतोय, आन् तुमी हितं येऊन बसलाय? माय, काय चाललंय काय तुझं?"

"ऑपरेशन करायचं न्हाई," आत्या म्हणाल्या. "हिची पिशवी धडधाकट हाय. जंतू झालेत. गोळ्या खायाच्या. हिनं बी आन् तू बी."

"मी? मला काय धाड भरलीय?"

"तुझ्यामुळंच झालंय हिला."

मालकांनी एक पाऊल मागं घेतलं. मग इकडंतिकडं बघत, आवाज उतरवून म्हणाले, "माझ्यामुळं कामून? हिनंच कुठं…"

"परमेश्वर!"

व्हरांड्यातली चार माणसं वळून बघायला लागली. आत्या पुढं झाल्या, अगदी त्यांच्या छातीला भिडून उभ्या राहिल्या.

"जीभ आवर. ही रातंदिस माझ्या डोळ्याम्होरं असती. चुलीपाशी, फडात, कोपीत. तू नसतोस. ट्रॅक्टरवर गेल्यावर तू कुठं जात व्हतास ते मी तुला इचारलं न्हाई, आजबी इचारीत न्हाई. पर हिच्यावर घालशील तर तू माझा न्हाईस."

मालकांचा चेहरा पडला. रागाचा माणूस, पण त्या दिवशी तो राग कुठं गेला कुणास ठाऊक. ते तिथल्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. मी बाजूला खांबाला टेकून उभी. मला त्यांची कीव आली नाही, हे खरं सांगते. मला फक्त ते आत जातात की उठून निघून जातात, तेवढंच बघायचं होतं.

थोड्या वेळानं आत्या म्हणाल्या, "जा. बाई चांगली हाय. काय बोलत न्हाई."

ते उठले आणि आत गेले. बराच वेळ आत होते. बाहेर आले ते हातात राखाडी रंगाचं गोळ्यांचं पाकीट घेऊन. मला पिवळं मिळालं होतं. त्यांच्या गोळ्या तिथंच, एकदमच घ्यायच्या होत्या. आत्यांनी बोचक्यातला तांब्या काढून नळावर भरला आणि त्यांच्यापुढं धरला. मालकांनी आमच्या देखत गोळ्या गिळल्या. 

परत जाताना त्यांनी आम्हाला जीपमध्ये बसवून दिलं. जीप सुटायच्या वेळी खिडकीशी येऊन माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझं बी रक्त काढून घेतलंय. काय निघालं न्हाई."

एवढंच.

ते दोन आठवडे माझ्या अजून लक्षात आहेत. गोळ्यांनी तोंड कडूजहर व्हायचं, मळमळायचं. आत्या सकाळ-संध्याकाळ समोर बसून गोळी घ्यायला लावत, वर गुळाचा खडा देत. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं मालकांचं अंथरूण त्यांनी ओसरीवर टाकलं आणि त्यांच्या दारूवर असा पहारा ठेवला की दोस्त दारात यायचे बंद झाले. आठवडाभरातच माझं दुखणं उतरलं. मग अंगावरून जाणं कमी झालं, वास गेला. एक दिवस विहिरीवरून घागर घेऊन घरापर्यंत आले आणि ती उतरवल्यावर लक्षात आलं, कंबर दुखलीच नाही. मी तिथंच उंबऱ्यावर बसून रडले.

औषध संपल्यावर पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. डोंगरातली सीताफळं पिकायला लागली होती. आत्यांनी टोपलीभर निवडून घेतली. मॅडमनी तपासलं, हसल्या, म्हणाल्या, "झालं, ताई. एकदम बऱ्या आहात." पुढं काय काळजी घ्यायची, निरोध कसा वापरायचा, हेही समजावलं. आत्यांनी टोपली टेबलाखाली ठेवली. मी निघायला उठले. पण आत्या उठेनात.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "एक इचारू का?"

"विचारा की, मावशी."

"मला बी आसंच व्हायचं. आसंच जायाचं, आसंच दुखायचं. माझी काढली तवा मी सव्वीस वर्साची व्हते. ह्यो परमेश्वर पाच वर्साचा. मला एक लेक बी पाहिजे व्हती." त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मला बी गोळ्यांनी बरं वाटलं आसतं का?"

मी जागच्या जागी थिजले. इतकी वर्षं त्या घरात वावरत होते, पण त्यांना एक लेक हवी होती, हे मला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नसावं. ऑपरेशन ठरल्यापासून त्या गप्प का होत्या, ते मला आत्ता कळत होतं. त्या माझ्यावर रुसल्या नव्हत्या. त्यांना होकार देववत नव्हता, आणि नको म्हणावं तर कशाच्या जोरावर म्हणावं, हे कळत नव्हतं.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. खोटं बोलणं किती सोपं होतं तेव्हा. तुमचं वेगळं होतं मावशी, असं म्हटलं असतं तरी आत्यांनी मानलं असतं.

"तुम्हाला तेव्हा कुणी नीट तपासलंच नाही, मावशी," त्या हळू म्हणाल्या. "म्हणून ठाम सांगता येत नाही. पण तुम्ही जे सांगताय त्यावरून मला वाटतं, हो. गोळ्यांनी बरं वाटलं असतं."

आत्यांनी मान हलवली. एकदा, दोनदा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज नाही. मग पदरानं तोंड पुसून जरा रागानंच म्हणाल्या, "मंग तवा तुमी कुठं व्हत्या वो?"

"तेव्हा मी पहिलीत होते, मावशी," मॅडम म्हणाल्या. त्यांचेही डोळे भरले होते.

आणि आत्या हसल्या. रडता रडता खदखदून हसल्या. मॅडमही हसल्या. बाहेरची सिस्टर काय झालं म्हणून डोकावून गेली. मॅडम टेबलाला वळसा घालून आल्या आणि आत्यांना त्यांनी जवळ घेतलं. मी त्या सीताफळांच्या टोपलीपाशी उभी राहून दोघींकडं बघत होते.

त्या हंगामात मी फडात उभी राहिले ती ताठ. मालकांनी एकदा कोपीत चुलीपुढं बसून, मान वर न करता, ट्रॅक्टरच्या दिवसांचं सगळं सांगितलं. "चुकलं माझं," म्हणाले. मी लगेच विसरले, असं नाही. बरेच दिवस मोजकंच बोलत होते. पण त्यानंतर ते वाकडी वाट चालले नाहीत, आणि माझ्या दुखण्याखुपण्याला कधी कटकट म्हणाले नाहीत.

तीन वर्षांनी मला दुसरी मुलगी झाली. दुसरीही मुलगीच म्हणून बायका चुकचुकल्या. आत्यांनी गावभर जिलेबी वाटली.

काझी मॅडमची पुढं बदली झाली. पण आत्या काही स्वस्थ बसल्या नाहीत. कुणाच्या सुनेची तारीख ठरली असं कानावर आलं की त्या घरी जाऊन धडकायच्या. "काढायची तर काढ, पर एकदा दुसऱ्याला दाखव," म्हणायच्या, आणि समोरची उठेपर्यंत दारातून हलायच्या नाहीत. काही जणींनी ऐकलं, काहींनी नाही. एकीला खरंच ऑपरेशनची गरज निघाली, तर तिच्या उशाशीही त्याच बसल्या.

आता त्या थकल्यात. हाडं फार लवकर ठिसूळ झाली. डॉक्टर म्हणतात, तरुणपणीच पिशवी काढल्यानं असं होतं. फार वेळ बसवत नाही. संध्याकाळी मी त्यांच्या पाठीला तेल लावते. परवा असंच चोळत होते, आणि इतक्या वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते तोंडून निघून गेलं.

"आत्या, तुमचे लई उपकार हायेत माझ्यावर. त्या दिवशी तुमी मला जीपातून उतरवलं नसतं, तर…"

"उपकार कसले डोंबलाचे," आत्या उशीत तोंड खुपसूनच म्हणाल्या. "बोलू नगं, हात चालव. जरा खाली. अजून खाली. हां. तिथं."